तीस सेकंद आणि वर चार

तक्रारीच्या तिकिटावर दोनच ओळी होत्या. भाडं भरताना पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असं आलं म्हणून पुन्हा बटण दाबलं, बँकेतून ४१२ पौंड दोनदा गेले. वेळ सकाळी सव्वानऊच्या सुमाराची. खाली आमच्याच कुणीतरी शेरा मारला होता: ‘युजर एरर.’ तिकीट बंद करायचं तेवढं बाकी होतं.

मी लीड्समध्ये घरभाडं भरण्याच्या एका प्रणालीची देखभाल करते. लॉग उघडण्याआधी घड्याळ लावून घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये हिवाळाभर भिंतीवरचं घड्याळ आणि सर्व्हरचं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) एकच वेळ दाखवतात, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि भाडेकरूचे सव्वानऊ लॉगमध्ये सव्वाआठ होतात. पुण्याच्या टीमकडे तेव्हा पावणेदोन वाजलेले असतात. ऑक्टोबरमध्ये घड्याळं मागे येतात त्या पहाटे तर एक ते दोन हा तास दोनदा येतो. लॉग स्थानिक वेळेत लिहिला असेल, तर कुठली ओळ आधीची हे वेळेवरून सांगताच येत नाही.

सव्वाआठच्या आसपासच्या ओळींवर भाड्याच्या खातेक्रमांकाने शोध घेतला. दारावरच्या सर्व्हरकडे दोन नोंदी सापडल्या. पहिली रिक्वेस्ट ०८:१७:०४ ला आत आली, ०८:१७:३४ ला ५०४, म्हणजे ‘वेळ संपली’ हा संकेत देऊन बाहेर गेली. बरोब्बर तीस सेकंद. असा गोल आकडा दिसला की समजावं, काम मोडलेलं नाही, कुणीतरी वाट पाहणं सोडलंय. दुसरी ०८:१७:५१ ला आली आणि सेकंदभरात यशस्वी झाली.

आत येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला दारातच एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो आणि तो पुढच्या प्रत्येक सर्व्हरने आपल्या ओळीत छापायचा असतो. पहिल्या रिक्वेस्टचा क्रमांक मी पैसे भरून घेणाऱ्या सर्व्हिसच्या लॉगमध्ये शोधला. एकही ओळ नाही. इथे घाई करणारा माणूस म्हणतो, रिक्वेस्ट तिथवर पोचलीच नाही. पण ती सर्व्हिस पुढचं काम वेगळ्या थ्रेडकडे देते आणि त्या देवाणघेवाणीत आमचा क्रमांक गळून पडतो, हे मला आधीच्या एका प्रसंगातून माहीत होतं. मग खातेक्रमांक, रक्कम आणि थ्रेडचं नाव धरून ओळी जुळवत गेले. हे काम फार हळू होतं. मधे इतरांच्या शेकडो ओळी मिसळलेल्या असतात, त्यातली आपली तेवढी वेचायची.

०८:१७:०५, भरणा सुरू. त्यानंतर बत्तीस सेकंद एकही ओळ नाही. मग ०८:१७:३७, डेटाबेसची जोडणी मिळाली. ०८:१७:३८, भरणा यशस्वी.

पडद्यावर ‘अयशस्वी’ दिसल्यावर चार सेकंदांनी पैसे गेले होते. तक्रार करणाऱ्या बाईंनी लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता.

पुण्याच्या सहकाऱ्याला फोन लावला. “ताई, सव्वाआठला रोज एक रिपोर्ट चालतो, तोच सगळ्या जोडण्या धरून बसतो,” तो म्हणाला. कारण सापडलं. तरी खरी चूक मला रिपोर्टची वाटत नाही. तोच भरणा पुन्हा आला तर ओळखायचा आणि दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे नाहीत, एवढी सोय आम्ही केलेली नव्हती.

‘युजर एरर’ हा शेरा मला या देशात सहन होत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डाल्मेलिंग्टनच्या पोस्टात मुख्य शाखेतून उपशाखेत ८,००० पौंड नेल्याची नोंद करायची होती. पोस्टाच्या हिशेबाच्या होरायझन या संगणक प्रणालीचा पडदा पुढे सरकेना, म्हणून एंटर पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. रक्कम चारदा नोंदली गेली आणि हिशेबात २४,००० पौंडांची तूट आली. प्रणाली चालवणाऱ्या फुजित्सूने मागच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे ११२ प्रसंग निघाले.

त्याच प्रणालीच्या आकड्यांवर विसंबून २०१० मध्ये वेस्ट बायफ्लीटच्या पोस्टमिस्ट्रेस सीमा मिश्रा यांना ७४,००० पौंडांच्या चोरीबद्दल पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या. बचाव पक्षाने प्रणालीची माहिती वारंवार मागितली, ती पुरी कधीच मिळाली नाही. कायद्याचंही पाठबळ नव्हतं: संगणकाचा पुरावा द्यायचा तर यंत्र नीट चालत होतं हे दाखवावं लागे, ती अट १९९९ च्या कायद्याने निघून गेली होती. मिश्रांची शिक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष एकेक तपासून निकाल दिला होता. तो निकाल मी छापून घेतला आणि अनेक रात्री वाचला. आम्ही रोज चाळतो तशाच नोंदी, तशीच चुकांची टिपणं त्यात आहेत. फरक एवढाच, की त्या ओळींच्या पलीकडची माणसं तुरुंगात गेली होती.

तिकिटावरचा शेरा खोडून सगळ्या ओळी वेळेसह खाली चिकटवल्या. पैसे परत करण्याची विनंती पाठवली. मग शोधाची अट बदलली: दारावर ५०४ आणि त्यानंतर मिनिटभरात आत यशस्वी भरणा, गेले तीन महिने. उत्तर यायला बराच वेळ लागला. पहिल्याच पानावर सतरा खाती होती. त्यातल्या पाच जणांनीच तक्रार केली होती.