कमांडर, मार्शल आणि मधली पस्तीस वर्षे

अभोणा, कनाशी किंवा दळवटचा बाजार असला, की कळवण तालुक्यातल्या रस्त्यांवर जीप भरून निघायच्या. मागे समोरासमोर बाकं, मध्ये कांद्याच्या गोण्या, टपावर माणसं. नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाटही याच गाड्यांनी चढला. महिंद्राच्या कमांडर, मार्शल, अरमाडा. गावातला फिटर पान्यांच्या एका संचावर त्या उघडायचा, म्हणून त्या इथे टिकल्या.

महिंद्राने १९४७ मध्ये विलीस जीपची जुळणी सुरू केली. कामाला येणारं, साधं, रस्ता नसला तरी जाणारं वाहन ही त्या घराण्याची ओळख पुढेही राहिली. अरमाडा १९९३ ची. तिच्याच वंशातली बोलेरो २००० साली आली, डिझेल इंजिनासह. तिचा कारखाना नाशिकचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. पहिल्या बोलेरोंनी आता पंचविशी गाठली आहे आणि अजून कुणी त्यांना जुनी ठेव मानत नाही.

अडचण इथेच आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि शुल्क. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ क्रमांक मिळायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे पंधरा ते पन्नास या मधल्या ३५ वर्षांत गाडीला फक्त वय असतं, मान नसतो. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ३० वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते. तो हिशेब धरला तर सुरुवातीच्या अरमाडा केव्हाच पात्र झाल्या.

कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचं काय झालं, ते मुंबईने पाहिलं. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदवली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा टॅक्सी म्हणून प्रवास संपला. रस्त्यावर हजारो होत्या तोवर ती फक्त टॅक्सी होती.

श्रीमंतांची मोटार गॅरेजमध्ये झाकून ठेवली जाते, म्हणून ती वाचते. प्रवासी जीप मात्र राबते, गंजते, भंगारात जाते. जी वाचते तिचं छत कापून, जाड टायर आणि वेगळं बंपर लावून तिला हौशी ‘ओपन जीप’ केली जाते. मला हे भंगारापेक्षाही वाईट वाटतं. अशा फेरफारांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि मूळ बाकं, मूळ इंजिन गेलं की गाडीचा इतिहासही जातो.

कळवणच्या कुठल्या वाड्यात, कांदाचाळीच्या आडोशाला एखादी मार्शल उभी असेल, तर तिचं आरसी बुक सांभाळा, चेसिस नंबर पुसू देऊ नका, बाकं काढू नका. छत कापायला मेस्तरी आला, तर त्याला परत पाठवा.