गाडीचा सेल्फ का फिरत नाही?

करमाड हे छत्रपती संभाजीनगर ते जालना या रस्त्यावरचे मोठे गाव आहे. आसपासच्या शिवारात कापूस, मोसंबी, आले आणि भाजीपाला पिकतो. हा माल बाजारात न्यायला पिकअप गाडी लागते. नवी गाडी सर्वांनाच परवडत नाही. म्हणून पुष्कळ लोक जुनी गाडी घेतात. जुनी गाडी चांगले काम देते, पण कधी कधी ऐन वेळी अडून बसते.

समजा, पहाटेचे चार वाजले आहेत. गाडीत मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या भरल्या आहेत. उजाडण्याआधी जाधववाडीच्या बाजारात पोचायचे आहे. चावी फिरवली, पण गाडी सुरूच होईना! उशीर झाला तर भाजी कोमेजणार आणि भाव पडणार. अशा वेळी कोणीतरी म्हणतो, “बॅटरी गेली, नवी टाका.” मग काही हजार रुपये खर्च होतात. चार दिवसांनी गाडी पुन्हा अडते, कारण दोष बॅटरीत नव्हताच. तो एका सैल तारेत होता.

म्हणून आम्ही सांगतो, आधी तपास करा, मग खर्च करा. हा तपास कसा करायचा ते आता पाहू.

विजेची वाट

पूर्वी मोटार सुरू करण्यासाठी पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. हँडल उलटे बसले की माणसाचा हात मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअराने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसवला गेला. तेव्हापासून हळूहळू हँडल गेले आणि चावी आली.

सेल्फ म्हणजे एक लहान पण जोरदार मोटर. तिला वीज बॅटरीतून मिळते. बॅटरीच्या अधिक टोकाकडून जाड तार सेल्फकडे जाते. सेल्फमधून वीज इंजिनच्या लोखंडात उतरते. तेथून अर्थच्या तारेने ती बॅटरीच्या उणे टोकाला परत येते. म्हणजे विजेची वाट गोल आहे. ही वाट कोठेही तुटली तर सेल्फ फिरत नाही.

याशिवाय एक बारीक तार असते. चावी फिरवली की तिच्यातून थोडी वीज सेल्फवरच्या सोलेनॉइडला जाते. सोलेनॉइड हे मोठ्या विजेचे फाटक आहे. ते उघडले की मोठी वीज सेल्फमध्ये शिरते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुढचे दोन दिवे साधारण दहा अँपिअर वीज घेतात. डिझेल गाडीचा सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त घेतो. विहिरीत तळाला थोडे पाणी असले तर घागर भरते, पण पंप लावला की तो लगेच हवा ओढू लागतो. बॅटरीचेही तसेच आहे. दिवे लागले म्हणजे बॅटरी चांगली आहे, असे समजू नका.

डोळे आणि कान वापरा

तपासाआधी गिअर न्यूट्रल करा आणि हँडब्रेक ओढा. रात्री पुढचे दिवे लावा. मग एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने बाहेर उभे राहून पाहावे व ऐकावे. गाडी आपले दुखणे स्वतःच सांगते.

१. चावी फिरवली, पण काहीच नाही. ना डॅशबोर्डचे दिवे, ना आवाज. अशा वेळी बॅटरीची टर्मिनले हाताने हलवून पाहा. सैल असतील तर घट्ट करा. मग मेन फ्यूज पाहा. त्यानंतर चावीच्या स्विचकडे वळा.

२. ‘कट-कट-कट’ असा आवाज येतो आणि दिवे मंद होतात. येथे सेल्फला पुरेशी वीज मिळत नाही. एक तर बॅटरी उतरली आहे, नाही तर टर्मिनलवर किंवा अर्थच्या तारेवर घाण बसली आहे.

३. एकदाच ‘कट्’ असे वाजते, पण दिवे मंद होत नाहीत. बहुधा सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळालेले असतात किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतात. सेल्फवर लाकडाने हलकेच ठोकले तर कधी कधी गाडी सुरू होते. पण ती वेळ भागली एवढेच समजा. त्याच दिवशी सेल्फ उघडून घ्या.

४. दिवे चांगले लागतात, पण ‘कट्’ही वाजत नाही. याचा अर्थ फाटकाला निरोपच पोचत नाही. बारीक तार, तिचा रिले आणि चावीचा स्विच पाहा. गोठ्यात किंवा शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हेही विसरू नका.

५. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. येथे सेल्फचा दोष नाही. जुन्या डिझेल गाडीच्या पंपावर डिझेल बंद-चालू करणारा एक सोलेनॉइड असतो. चावी ऑन करताच तो ‘टक्’ असा बारीक आवाज करतो. तो वाजत नसेल तर त्याचा फ्यूज आणि त्याची तार पाहा. थंडीच्या दिवसांत हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा.

टर्मिनल आणि अर्थ

जुन्या गाडीत येथेच पुष्कळदा घोटाळा असतो. टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी भुकटी जमते. ती विजेला अडवते. टर्मिनल काढताना आधी उणे काढा आणि बसवताना उणे शेवटी बसवा. आधी अधिक काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडेल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुवा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग कोरडे पुसून, घासून, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा.

अर्थची तार इंजिन आणि चेसिस यांना जोडते. चिखल, पाणी आणि धूळ यांनी तिचे टोक गंजते. बाहेरून तार चांगली दिसते, पण गंजातून मोठी वीज जात नाही. ते टोक काढून चकचकीत घासा.

मीटर असेल तर पक्की खात्री करता येते. मीटर डी.सी. वीस व्होल्टवर ठेवा. लाल तार इंजिनच्या उघड्या लोखंडाला आणि काळी तार बॅटरीच्या उणे टोकाला लावा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले, तर अर्थ खराब आहे. पाच मिनिटांची ही तपासणी नव्या बॅटरीचा खर्च वाचवते.

बॅटरी खरेच उतरली का?

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे सुमारे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल, तर ती आतून थकलेली आहे. तीच बदलायची.

पण बॅटरी उतरली असेल तर ती का उतरली, हे शोधा. इंजिन चालू करून पुन्हा मीटर लावा. सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर डायनामो बॅटरी भरतो आहे. काटा बारावरच राहिला तर डायनामो, त्याचा पट्टा आणि तारा तपासा. डायनामो नीट असेल तर मागून जोडलेले टेप, भोंगे आणि जादा दिवे पाहा. त्यांपैकी एखादे रात्रभर वीज पीत असते.

एवढे सांभाळा

बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ विडी किंवा काडी पेटवू नका. बॅटरीचे पाणी म्हणजे तेजाब आहे. ते डोळ्यात उडाले तर लगेच भरपूर पाण्याने डोळे धूत राहा आणि दवाखाना गाठा. बॅटरीत भरायचे ते डिस्टिल्ड पाणीच. बोअरचे पाणी घालू नका.

फ्यूज जळाला तर त्याच्या जागी तार बांधू नका. फ्यूज जळून गाडीला वाचवतो. तार जळत नाही, मग गाडी जळते.

दुसऱ्या गाडीची बॅटरी लावताना अधिक टोक अधिकला जोडा. चांगल्या बॅटरीच्या उण्याची तार मात्र बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये थोडी विश्रांती द्या, नाही तर तो तापून जळेल. जालना रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर अंधारात गाडीला धक्का मारू नका. भाजीपेक्षा माणसाचा जीव मोलाचा आहे.

मिस्त्रीशी कसे बोलाल?

“मिस्त्री, गाडी चालूच होईना,” एवढेच सांगितले, तर मिस्त्री अंदाजानेच निघणार. त्याऐवजी असे सांगा:

“मिस्त्री, सेल्फ मारला की एकच कट् वाजतं. दिवे मंद होत नाहीत. टर्मिनल घासली, बॅटरी साडेबारा दाखवते.”

“मग दादा, बॅटरी राहू द्या. सेल्फ काढूनच बघतो. कार्बन घेऊन येतो.”

मिस्त्री योग्य सामान घेऊन येतो. त्याची खेप वाचते, तुमचा वेळ आणि पैसाही वाचतो. दुरुस्ती मिस्त्रीने करावी, पण पाहणे, ऐकणे आणि नीट सांगणे हे काम गाडीच्या मालकाचे आहे.

गाडीत एक लहान वही ठेवा. बॅटरी कधी घेतली, पाणी कधी घातले, मीटरने किती दाखवले, ते तारीख घालून लिहा. पुढच्या वेळी दोष शोधताना ती वही फार उपयोगी पडेल. वाचायला-लिहायला शिकल्याचा असाही फायदा आहे.