मिनिटाला सात विनोद

साडेतीन तासांत पंधराशे विनोद. १९६० च्या दशकात लिव्हरपूलच्या एका थिएटरात केन डॉड या विनोदवीराने हा पराक्रम केला आणि गिनेस बुकात नाव लावलं. भागाकार केला तर मिनिटाला ७.१४ विनोद पडतात, म्हणजे साधारण दर साडेआठ सेकंदांना एक. तेवढ्यात विनोद सांगून व्हायला हवा, तो समोरच्याच्या डोक्यात शिरायला हवा, हशा पिकून ओसरायला हवा आणि पुढच्याला जागा मोकळी व्हायला हवी. विक्रमाच्या वेळी प्रेक्षक पाळीपाळीने आत सोडले होते. सांगणारा एकटा साडेतीन तास टिकला. ऐकणाऱ्यांच्या मात्र पाळ्या लावाव्या लागल्या.

साडेआठ सेकंदांत काय काय बसतं, ते त्याच्याच एका नमुन्यावरून कळेल. आज काय सुरेख दिवस आहे, असं तो सुरुवातीलाच म्हणायचा. कशासाठी सुरेख? तर शेजाऱ्याच्या दाराला पत्रं टाकायची जी फट असते, तिच्यातून काकडी आत सरकवून ‘मंगळावरचे लोक आले!’ अशी आरोळी ठोकण्यासाठी. संपलं. ना पात्रपरिचय, ना गोष्ट. लोक त्या हिरव्या काकडीकडे मनातल्या मनात पाहत असतानाच पुढचा विनोद निघालेला असायचा. विस्कटलेले उभे केस, पुढे आलेले दात आणि हातात ‘टिकलिंग स्टिक’, म्हणजे गुदगुल्या करायचा रंगीत झाडू. दात पुढे यायचं कारण असं की लहानपणी हा गडी डोळे मिटून सायकल चालवायला गेला आणि आपटला. पुढे त्याने त्या दातांचाही विमा उतरवला.

या माणसाचं सुरुवातीचं भांडवल सहा पेन्स. मुलांच्या एका साप्ताहिकात जाहिरात होती: सहा पेन्सची तिकिटं पाठवा आणि शब्दभ्रमकार व्हा. त्याने ती पाठवली. जन्म १९२७ चा, लिव्हरपूलच्या नॉटी ॲश भागातला. वडील कोळशाचे व्यापारी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मग कोळसा वाहणं आणि दारोदार घरगुती सामान विकणं. विनोदाचा खरा अभ्यास त्याने याच काळात केला असावा, असं मला वाटतं. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा वाचता आला नाही तर बादली खपत नाही. व्यावसायिक रंगमंचावर तो आला १९५४ च्या सप्टेंबरात, नॉटिंगहॅमच्या एम्पायर थिएटरात, सव्वीस वर्षांचा असताना.

पुढचे आकडे चक्रावणारे आहेत. १९६५ साली लंडनच्या पॅलेडियममध्ये त्याचा मुक्काम पडला तो सलग बेचाळीस आठवडे. त्या थिएटरात बावीसशेहून जास्त खुर्च्या आहेत. आठवड्याला सहाच प्रयोग धरले तरी साडेपाच लाख खुर्च्या होतात. लिव्हरपूल शहराची लोकसंख्याच तेव्हा सात लाखांच्या आसपास होती!

त्याच वर्षी त्याने एक गाणं गायलं, ‘टिअर्स’. विनोदाचा मागमूस नसलेलं, रडकं प्रेमगीत. गाण्यांच्या खपाच्या ब्रिटिश यादीत ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त तबकड्या खपल्या. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेल्या पाच गाण्यांची यादी काढली तर चार बीटल्सची आहेत, उरलेलं एक या झाडूवाल्याचं. पाचही लिव्हरपूलकरांचीच, हे सांगताना त्या शहरातला माणूस छाती किती इंच फुगवतो, हे मोजायचं राहिलं आहे.

पण मला या सगळ्यात सर्वांत चकित करतात त्या त्याच्या वह्या. कुठल्या गावात कुठला विनोद चालला, कुठला पडला, लोक कसे होते, याची नोंद तो प्रयोगागणिक ठेवायचा. याला तो ‘गिगल मॅप’ म्हणायचा, हास्याचा नकाशा. एका शहरात ज्यावर छप्पर उडतं, तेच वाक्य शंभर मैलांवर धाडकन पडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने फ्रॉइडपासून बर्गसाँपर्यंत हास्यावरची जाडजूड पुस्तकं वाचली होती. आणि तरी म्हणायचा, फ्रॉइडसाहेबांची अडचण एवढीच की त्यांना शनिवारी रात्री ग्लासगोच्या एम्पायरमध्ये कधी उभं राहावं लागलं नाही. ते थिएटर इंग्लिश विनोदवीरांचं स्मशान म्हणून कुप्रसिद्ध होतं. हशा मोजायला त्याचं स्वतःचं एकक होतं: मिनिटाला किती खुदखुद. डॉक्टर नाडी मोजतात तशी ही मोजणी, आणि आकडा खाली आला की औषध लगेच त्याच रात्री.

प्रयोग किती वेळ चालायचा, याला मात्र मर्यादा नव्हती. संध्याकाळी सातला पडदा वर गेला की मध्यरात्र उलटून जायची; पाच तास ही नेहमीची गोष्ट. लोकांच्या शेवटच्या बस चुकायच्या. हा टीव्ही नाही, बंद करता येणार नाही, असं तो वर ऐकवायचा. घरी पळालात तर मागे येऊन दाराच्या फटीतून विनोद ओरडीन, अशी धमकीही द्यायचा. आता माझा एक अंदाज, निव्वळ कागदावरचा. १९५४ ते २०१७ ही त्रेसष्ट वर्षं. वर्षाला शंभर प्रयोग आणि प्रयोगाला तीन तास, एवढंच धरू. अठरा हजार नऊशे तास होतात. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ, दिवसरात्र, न झोपता, न जेवता हा माणूस रंगमंचावर उभा होता. विक्रमाचा वेग सोडा, मिनिटाला तीनच विनोद धरले तरी चौतीस लाख. अर्थात तेच विनोद पुन्हा पुन्हा. पण म्हणून तर वह्या लागतात.

विनोदाचा इतका चोख हिशेब ठेवणाऱ्याने पैशांचा हिशेब मात्र वेगळ्याच तऱ्हेने ठेवला. १९८९ साली करचुकवेगिरीच्या आरोपावरून लिव्हरपूलच्या कोर्टात त्याच्यावर खटला उभा राहिला. त्यात बाहेर आलं की घराच्या पोटमाळ्यावर सुटकेसमध्ये ३,३६,००० पौंड रोख ठेवलेले होते. तेव्हाच्या इंग्लंडात एवढ्यात चार-पाच साधी घरं सहज आली असती. शिवाय परदेशी बँकांतली खाती होतीच. सुटकेसमधले लाखभर पौंड कसे वाटतात हो, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर साहेब उत्तरले, नोटा फार हलक्या असतात, महाराज. त्याचे वकील जॉर्ज कारमन यांनी ज्यूरीला सुनावलं की काही हिशेबनीस विनोदवीर असतात, पण विनोदवीर कधीच हिशेबनीस नसतात. वाक्य झकास आहे, पण त्या वह्या आठवल्या की मला ते पटत नाही. ज्यूरीला मात्र पटलं असावं. सगळ्या आरोपांतून तो सुटला. खटल्याचे विनोद त्याने लगोलग कार्यक्रमात घेतले. प्राप्तिकर सुरू झाला तेव्हा पौंडामागे दोन पेन्स होता; माझी चूक एवढीच की मला वाटलं अजून तेवढाच आहे, असं सांगून तो त्याच खटल्यावर तिकिटं विकत राहिला.

२०१७ साली त्याला ‘सर’ किताब मिळाला. त्याच वर्षी २८ डिसेंबरला, नव्वदी पार केल्यावर, लिव्हरपूलमध्ये त्याचा शेवटचा प्रयोग झाला. नंतर छातीच्या विकाराने सहा आठवडे इस्पितळ. तिथून तो नॉटी ॲशच्या घरी परतला. ज्या घरात जन्मला त्याच घरात ९ मार्च २०१८ रोजी त्याने ॲन जोन्स यांच्याशी लग्न केलं. सोबत चाळीस वर्षांची होती. लग्न तेवढं राहिलं होतं. ११ मार्चला तो गेला. संसार दोन दिवसांचा.

मृत्युपत्र जाहीर झालं तेव्हा मालमत्ता निघाली २ कोटी ७७ लाख पौंडांच्या घरात. जुन्या पौंडात सहा पेन्स चाळीस वेळा बसायचे. त्या हिशेबाने त्या जाहिरातीच्या फीसारख्या एकशे दहा कोटी फिया. आता इंग्लंडात वारसा कर सव्वातीन लाख पौंडांवरच्या रकमेला चाळीस टक्के लागतो, पण जोडीदाराच्या नावे गेलेल्या मालमत्तेला लागत नाही. लग्न झालं नसतं तर कर जवळपास १ कोटी ९ लाख पौंड झाला असता. झालं, म्हणून शून्य. यात प्रेम किती आणि हिशेब किती, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. माझ्या मते दोन्ही भरपूर. वैवाहिक आयुष्याच्या अठ्ठेचाळीस तासांनी भागलं तर तासाला सव्वादोन लाख पौंडांहून जास्त वाचले, आणि यावर दहा मिनिटांचा कार्यक्रम त्याने नक्की बांधला असता.