मूठ बघून कोयता

सकाळी साडेसहा. रविवार, म्हणजे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीचा बाजार. रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबाने कोळसा फुलवलाय. कातडी भाता केव्हाच गेला, आता हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आहे. दिवाळी तोंडावर आलीय, गाळप हंगाम सुरू व्हायचाय आणि बाजारात मागणी एकाच हत्याराला: ऊसतोडीचा कोयता.

सात. मालट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा तोडून तापवला जातो. सांडशीत धरायचं काम नवऱ्याचं, घण घालायचं बायकोचं. तो लहान हातोडीने जागा दाखवतो, ती नेमकी तिथंच मारते. दोघांत शब्द नाही. पातं आकाराला आलं की फक्त धारेची कड पाण्यात. पाठ मऊच ठेवायची, नाहीतर बुडख्याशी दगड लागला की कोयता मोडतो.

नऊ. आता मुठी, आणि माझ्या मते खरं कसब इथंच आहे. गिऱ्हाईक पातं वाजवून बघतं, धारेवर अंगठा फिरवतं, भाव पाडतं. पण दिवसभर तळव्यात राहते ती मूठ. लाकूड बाभळीचं, चांगलं वाळलेलं. ओलं घातलं तर आठवड्यात आकसतं आणि पातं खुळखुळतं. खरादावरच्या गोल, गुळगुळीत मुठी दिसायला देखण्या, पण घामाने नि उसाच्या रसाने हातात फिरतात. वाकसाने तासलेली लांबट-चपटी मूठ फिरत नाही आणि धार कुठल्या अंगाला आहे ते न बघता कळतं. शेवटाला जाड बोंड हवं, म्हणजे झटक्याला हत्यार हातातून निसटत नाही. पात्याचं मागचं टोक लाल करून भोकात ठोकलं की धूर निघतो, लाकूड जळून आपल्याच मापाची जागा करतं. तोंडाला लोखंडी शेंबी. झालं.

अकरा. गर्दी. एक बाई तीन कोयते हातात घेऊन ठेवून देते.

“मामा, मूठ लई जाड हाय.”

“घरधन्याला न्यायचाय न्हवं?”

“मलाच तोडायचंय की!”

घिसाडीण काही न बोलता तिचा हात हातात घेते, पंजा बघते आणि मूठ तासायला बसते. ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण साखर बुडख्याकडच्या कांड्यात जास्त. शिवाय बुडखा फाटला तर खोडवा नीट फुटत नाही. म्हणजे दिवसभर वाकून, मनगटाच्या जोरावर. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, पण पैसे टनावरच. मूठ हाताला बसली नाही तर टन कमी भरतात.

दीड. भाकरी, ठेचा. पंखा थांबतो.

तीन. शिरोळकडचे एक निवृत्त सुभेदार पिशवीतून खुकरी काढतात. गुरखा पलटणीतल्या दोस्ताची भेट, मूठ हलतेय. घिसाडी कौतुकाने उलटसुलट बघतो. नेपाळातही बरेच कारागीर गाडीच्या कमानीचंच पोलाद वापरतात आणि किटलीतून धारेवर पाणी ओतून तेवढीच कड कडक करतात, असं सुभेदार सांगतात. मुठीच्या मधोमध उठावदार कडं, टोक पसरट; काम आपल्या बोंडाचंच. काहींत पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी फळ्या रिव्हेटने बसवतात. ही मात्र लाखेत बसवलेली. आपल्या जुन्या तलवारींच्या मुठीही अशाच चिकटवत. म्हणून तर परदेशी पात्याला देशी मूठ चढवून फिरंग करता यायची. घिसाडी पात्याला ओलं फडकं गुंडाळतो, म्हणजे पाणी उतरायला नको, आणि मूठ निखाऱ्यावर दुरूनच शेकतो. जुनी लाख मऊ होते, नवी भरली जाते. पैसे घेताना तो लाजतो, पण घेतो.

साडेसहा. मोटारसायकलवरून मुकादम उतरतो. नवी टोळी येतेय, दहा कोयते, म्हणजे दहा जोड्या.

“वीस नग द्या. सगळे एकाच मापाचे.”

घिसाडीण हातातला वाकस खाली ठेवते. “दहा बाप्यांचं, दहा बायांचं. त्यात डावखुरं किती?”

मुकादम खिशातून मोबाइल काढतो आणि गावाकडं फोन लावतो.