सागरी मार्गनिर्देशिका
सागरी मार्गनिर्देशिका : किनाऱ्यालगतच्या जलभागातून जलयान सुरक्षितपणे नेता यावे म्हणून खडक, उथळ जागा, भरती-ओहोटी, प्रवाह, दीपगृहे, नांगर टाकण्याच्या जागा व बंदरांतील सोयी यांचे वर्णन करणारा मुद्रित ग्रंथ. सागरी नकाशात जे दाखविता येत नाही, उदा., खाडीच्या मुखाशी लाटा कशा फुटतात किंवा समुद्रावरून किनारा कसा दिसतो, ते यात शब्दांनी सांगितलेले असते. मोठ्या जहाजांसाठीच्या निर्देशिका मुख्यतः शासकीय जलालेखन संस्था प्रसिद्ध करतात. हौशी नाविकांसाठीच्या बहुधा खाजगी प्रकाशकांच्या असून त्यांत लहान खाड्या, पिण्याचे पाणी व इंधन यांच्या माहितीवर भर असतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याची अशी वर्णने जुनी आहेत. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात भडोचच्या मुखाशी येणाऱ्या भयंकर भरतीचे, तसेच परक्या जहाजांना वाट दाखविण्यास पुढे येणाऱ्या राजसेवेतील स्थानिक कोळ्यांचे वर्णन आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी झुआंव द काश्त्रू याने १५३८-३९ मध्ये गोवा ते दीव या किनाऱ्याची निर्देशिका लिहिली. आधुनिक काळातील सर्वांत प्रभावी ग्रंथ जेम्स हॉर्सबर्ग याचा. १७८६ मध्ये सदोष नकाशामुळे त्याचे जहाज दिएगो गार्सिया बेटावर आपटून फुटले. त्यानंतर त्याने स्वतःची निरीक्षणे व इतरांच्या नोंदी चिकाटीने जमवून १८०९–११ मध्ये निर्देशिका प्रसिद्ध केली. १८७४ मध्ये कलकत्त्यास सागरी सर्वेक्षण विभाग स्थापन झाला. त्याचा प्रमुख ए. डी. टेलर याची सुधारित निर्देशिका त्याच वर्षी निघाली.

असा ग्रंथ छापून होताच जुना होऊ लागतो. कोकणातील खाड्यांच्या मुखांशी असलेले वाळूचे दांडे पावसाळ्यानंतर जागा बदलतात. बाँबे हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले आणि मोकळ्या समुद्रात पुढे तेलमंच उभे राहिले; १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले; १९९८ मध्ये खांदेरी बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. अशा वेळी नवे नाव देऊन भागत नाही. जुन्या नकाशावर विसंबणाऱ्यासाठी जुनेही ठेवावे लागते.

दोन आवृत्त्यांमधील बदल ‘नाविकांना सूचना’ या पत्रकांद्वारे कळविले जातात. ब्रिटिश नौकाधिकरणाने ती १८३४ मध्ये सुरू केली. भारतात डेहराडूनच्या जलालेखन कार्यालयाची पत्रके पाक्षिक आहेत. पत्रकातील मजकूर कापून निर्देशिकेत योग्य ठिकाणी चिकटवावयाचा, रद्द झालेला मजकूर शाईने खोडावयाचा आणि सूचनेचा क्रमांक नोंदवावयाचा, अशी ही पद्धती आहे. हे कंटाळवाणे काम बहुधा जहाजावरील कनिष्ठ अधिकाऱ्याकडे येते. एक चिठ्ठी राहून गेली, तरी ग्रंथ बाहेरून तितकाच विश्वसनीय दिसतो, हा त्यातील खरा धोका होय.

बदलाची पहिली खबर पुष्कळदा जाणाऱ्या जहाजाकडूनच मिळते. नवा खडक नोंदविण्यास एका कप्तानाचे पत्रही पुरेसे ठरू शकते. मात्र ‘स्थान अंदाजे’ किंवा ‘अस्तित्व संशयास्पद’ असा शेरा सोबत असतो. नोंदलेला खडक काढून टाकण्यास मात्र सर्वेक्षण लागते. त्यामुळे प्रत्यक्षात नसलेली काही उथळे कित्येक दशके निर्देशिकांत टिकून राहिली. नाविकांनी त्याबद्दल फारशी तक्रार केलेली नाही.