शिरूर-दौंडमध्ये चहाचा गाळा टाकायचाय? आधी दिवसाचे कप मोजा

मार्च २०१८ मध्ये पुण्याच्या येवले चहाची बातमी देशभर फिरली. महिन्याला १२ लाखांची कमाई, असा त्यात आकडा होता. चहावाला इतके कमावतो म्हटल्यावर व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर ती बातमी पोचली, आणि 'नोकरी सोड, चहा विक' हा सल्ला चेष्टेतून निघून खरोखर दिला जाऊ लागला.

ही लाट पुण्यातून नगर रोड आणि सोलापूर रोड धरून बाहेर पडली. आज शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर किंवा यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ यातलं कुठलंही गाव घ्या. जुनी टपरी तर आहेच, पण शेजारी कुठल्यातरी 'अमृततुल्य'चा झगमगीत बोर्डही आहे. गंमत म्हणजे अमृततुल्य हे नाव कोणा एका ब्रँडचं नाही. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पुण्याच्या पेठांमध्ये पितळी पातेल्यात वेलची-आलं घालून चहा उकळायला सुरुवात केली, तेव्हापासूनचं हे नाव. त्या दुकानांना फ्रँचायजी वगैरे भानगड नव्हती. घरचाच माणूस पातेल्यासमोर बसायचा.

आता तालुक्याच्या ठिकाणी गाळा घेऊन चहा विकायचा तर हातात काय उरतं?

एका कपाचा हिशेब

दर गावागणिक थोडे बदलतात, त्यामुळे हा हिशेब उदाहरण म्हणून घ्या. एक लिटर दूध ५० रुपये. त्यात पाणी घालून, उकळून, आटून साधारण २० छोटे कप होतात. कपाला सव्वादोन ग्रॅम पत्ती धरली तर २० कपांना ४५ ग्रॅम, म्हणजे ४०० रुपये किलोच्या भावाने १८ रुपये. साखर ६, आलं-वेलची ५, गॅस ७ आणि कागदी कप १२ रुपये. बेरीज होते ९८. म्हणजे कपाला जवळजवळ ५ रुपये खर्च आणि विक्री १० रुपयांना.

निम्मा नफा! रील बनवणारे इथेच थांबतात.

पण गाळ्याचं भाडं १५ हजार, एका पोऱ्याचा पगार १२ हजार, लाइट-पाणी-झाडलोट ३ हजार धरा. महिन्याला ३० हजार रुपये चहा विकला नाही तरी जाणार. दिवसाला २०० कप विकले तर महिन्याला कपांमागे ३० हजार सुटतात आणि मालकाच्या हातात शून्य येतं. ३०० कपांना १५ हजार उरतात. ५०० कपांना दुसरा माणूस लागतो, तो धरूनही ३३ हजार हातात राहतात. २०० आणि ५०० कपांच्या मधल्या जागेतच हा सगळा धंदा आहे.

३०० कप ऐकायला किरकोळ वाटतात. दुकान १२ तास उघडं असेल तर तासाला २५ कप, म्हणजे दर अडीच मिनिटांना एक गिऱ्हाईक, तेही रोज, रविवारी, पावसात आणि मे महिन्याच्या दुपारी. शिरूर-दौंडचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला दुपारी एकच्या चहाचं वेगळं सांगायला नको. म्हणून इथले मुरलेले दुकानदार मार्चपासून ताक, लस्सी किंवा उसाचा रस ठेवतात. भाडं बाराही महिने तेवढंच असतं.

पत्ती महागली की दूध?

देशात २०२३ मध्ये सुमारे १३९ कोटी किलो चहा पिकला. २०२४ मध्ये आसाम-बंगालमध्ये आधी उन्हाने आणि मग पावसाने मारलं, शिवाय टी बोर्डाने उत्तरेकडच्या बागांची तोडणी ३० नोव्हेंबरलाच थांबवली. उत्पादन १२८ कोटी किलोवर आलं आणि लिलावाचे भाव चढले. बातम्या पत्तीच्याच झाल्या. पण वरच्या हिशेबात पत्ती किलोमागे ५० रुपयांनी महागली तर कपाला ११ पैसे वाढतात. दूध लिटरमागे नुसतं ६ रुपयांनी वाढलं तर कपाला ३० पैसे जातात. ३०० कपांच्या दुकानात हे महिन्याचे २,७०० रुपये झाले, मालकाच्या १५ हजारांतून.

आणि दुधाच्या बाबतीत या दोन तालुक्यांचं नशीब पुण्यापेक्षा चांगलं आहे. इथे गावोगाव गोठे आहेत, संकलन केंद्रं आहेत. २०२४ मध्ये गायीच्या दुधाचे दर इतके पडले होते की सरकारला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. त्याच काळात पिशवीचं दूध काही गिऱ्हाइकाला स्वस्त मिळत नव्हतं. या दोन दरांमध्ये जी फट आहे, तिथे चहावाल्याला संधी आहे. जवळच्या शेतकऱ्याशी थेट ठरवलं, डेअरीपेक्षा चार-पाच रुपये जास्त दिले, तरी पिशवीपेक्षा स्वस्त पडतं. शेतकरी खूश आणि चहाला चवही येते. फक्त रोजचं दूध तपासून घ्यायची सवय पाहिजे, कारण पाणी घातलेलं दूध आटवण्यात गॅस जळतो.

गिऱ्हाईक कुठे थांबतं?

शिरूर तालुक्यातला चहा भोंग्यावर चालतो. रांजणगाव एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल, फियाट, हायर यांच्यासारखे मोठे कारखाने आहेत. सणसवाडी-शिक्रापूरचा पट्टा वेगळाच. मोठ्या कंपन्यांच्या आत कँटीन असतं, त्यामुळे कायम कामगार बाहेर चहाला येईलच असं नाही. खरं गिऱ्हाईक म्हणजे शिफ्ट सुटताना बसची वाट बघणारे, कंत्राटी पोरं आणि गेटबाहेर माल उतरायची वाट बघत तासन्‌तास थांबलेले ट्रकवाले. शिफ्ट बदलायच्या अर्ध्या तासात जो दीडशे कप काढू शकतो, त्याचा निम्मा दिवस तिथेच सुटतो. सकाळी नऊला शटर उघडणाऱ्याने पहिली शिफ्ट तर गमावलेलीच असते. महागणपतीला येणारी गर्दी हा वरकमाईचा भाग. संकष्टीला, सुट्टीच्या दिवशी ती मिळते, पण तिच्या भरवशावर भाडं भरता येत नाही.

दौंडचा चहा रेल्वेचा. पुणे-सोलापूर आणि मनमाडकडे जाणाऱ्या मार्गांचं हे जंक्शन. पहाटे पुण्याला कामाला निघणारे रोजचे प्रवासी, रेल्वेचे कर्मचारी, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, असं बांधलेलं गिऱ्हाईक या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे. स्टेशनबाहेरची टपरी त्यांच्यासाठी पहाटेच पेटते.

पण इथेच एक धडा पण आहे. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायला लागायचं. गाडी बराच वेळ उभी आणि डबेच्या डबे चहाला खाली. मग कॉर्ड लाइन झाली. बऱ्याच गाड्या आता मुख्य स्टेशनात न शिरता परस्पर वळतात. प्रवाशांचा वेळ वाचला, आणि त्या वाचलेल्या वेळातच कुणाचा तरी चहा विकला जात होता.

गुळाचा चहा, घरचाच माल

सध्या ज्या चहाची मागणी वाढताना दिसते, तो गुळाचा. दौंड तालुका गुऱ्हाळांचा आहे. केडगावची गुळाची बाजारपेठ जुनी. एका कपाला १० ग्रॅम गूळ लागला तरी साखरेपेक्षा २०-३० पैसेच जास्त पडतात आणि कप मात्र १५ रुपयांना जातो. म्हणजे इथे वरचे साडेचार रुपये सुटतात. १०० कप जरी गुळाचे गेले तरी महिन्याला १३ हजारांच्या वर फरक पडतो. एखाद्या दुकानाचं अख्खं गणित एवढ्याने बदलू शकतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की चहा फाटू शकतो, म्हणून गुळाचा कोरा चहा आधी करून त्यात शेवटी गरम दूध घालायचं. दुसरं म्हणजे गूळ नीट बघून घ्यायचा. पिवळाधमक दिसावा म्हणून पावडरी मारलेला आणि वजनासाठी साखर मिसळलेला गूळ बाजारात असतो. अन्न व औषध प्रशासनाने गेल्या काही वर्षांत दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर यासाठी कारवायाही केल्या आहेत. 'सेंद्रिय' असा बोर्ड लावायचा असेल तर ज्या गुऱ्हाळातून माल येतो तिथे एकदा स्वतः जाऊन उभं राहिलेलं बरं.

बोर्ड घ्यावा का?

फ्रँचायजीचा मुद्दा पैशाचा आहे. समजा बोर्डाचे ४ लाख आणि फर्निचर-भांड्यांचे ३ लाख, असे ७ लाख १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले. हप्ता बसतो महिन्याला साडेपंधरा हजारांच्या आसपास. ३०० कपांच्या दुकानात मालकाला उरत होते १५ हजार. म्हणजे मालक दिवसभर पातेल्यासमोर उभा राहून वर खिशातले पाचशे घालणार. शिवाय बऱ्याच करारांत पत्ती आणि मसाला कंपनीकडूनच घ्यावा लागतो, तो भाव वेगळा. हायवेवर अनोळखी गाडीवाला बोर्ड बघून थांबतो, तिथे नावाचा उपयोग आहे. शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशन रोडला रोज तीच दोनशे माणसं येतात. त्यांना चहा आवडला की नाही, हे दोन दिवसांत कळतं.

करार करण्याआधी त्याच ब्रँडच्या तीन दुकानांबाहेर सकाळपासून रात्रीपर्यंत बसून कप मोजावेत. अगदी सोपं काम आहे, पण सात लाख घालणारे कितीजण एक दिवस घालवतात, हा प्रश्नच आहे. एफएसएसएआयची नोंदणी आणि नगरपरिषद-ग्रामपंचायतीची कागदपत्रंही याच टप्प्यावर करून घ्यावीत.

आणि उधारी. तहसील कचेरी, बँका, मार्केट यार्डात थर्मास घेऊन फिरलं की १००-१५० कप सहज जातात, ते वहीत लिहिले जातात. वहीतला कप विकलेला असतो, पण त्याचं दूध रोखीने आणलेलं असतं. युपीआयमुळे सुट्ट्यांची कटकट संपली, १० चा चहा १२ ला करणं सोपं झालं, वही मात्र तशीच आहे.

नगर रोडला नवा गाळा घेणाऱ्यांनी अजून एक नकाशा बघावा. पुणे ते शिरूर उन्नत मार्गाचा सुमारे ५३ किलोमीटरचा प्रकल्प सरकारने मंजूर केला आहे. तो झाला की लांबची वाहनं वरून जातील. मग खाली उरतील कारखान्याचे, गावातले आणि त्या चौकात मुद्दाम थांबणारे लोक. गाळ्याचा करार नऊ-दहा वर्षांचा करायचा असेल तर मोजायचे कप त्यांचे आहेत.