हजार कार्ड कशाला? लागतील तेवढीच घरी छापा. नंबर मात्र आधी लावून बघा

रात्रपाळीची लाइट आली, मोटार सुरू केली आणि जळाली. मागच्या खेपेला जिथं मोटार भरून घेतली, त्याचा नंबर जुन्या मोबाइलसोबत गेलेला. अशा वेळी खिशातलं एक कार्ड कामाला येतं. बचत गटाच्या ताईंचंही तसंच. प्रदर्शनात पापड-मसाले हातोहात जातात, पण महिन्याभराने त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा मागवायचे असले तर नंबर सापडत नाही.

छापखान्यात बऱ्याच ठिकाणी हजार कार्डांचीच ऑर्डर घेतात. मग सिम बदललं किंवा एक अंक चुकला की सगळा गठ्ठा रद्दीत. त्यापेक्षा एमएस-सीआयटी केलेलं पोरगं घरात असेल, किंवा गावातल्या सेवा केंद्रात कॉम्प्युटर-प्रिंटर असेल, तर लागतील तेवढी कार्डं वर्डमध्येच निघतात. वर्ड नसेल तर लिब्रेऑफिस रायटर फुकट मिळतं.

ए-४ कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ उंच असतो. त्यावर १० कार्डं बसतात. पेज लेआउटमध्ये चारही बाजूंचं मार्जिन १.५ सेंटीमीटर ठेवा. मग इन्सर्टमधून दोन कॉलम, पाच रो असं टेबल घ्या. टेबल निवडून राइट क्लिक करा. टेबल प्रॉपर्टीजमध्ये कॉलमची रुंदी ९ आणि रोची उंची ५.२ सेंटीमीटर द्या. उंचीपुढे ‘एक्झॅक्टली’ निवडायला विसरू नका, नाहीतर मजकूर वाढला की रकाना फुगतो आणि शेवटची दोन कार्डं दुसऱ्या पानावर पळतात. टेबलाची अलाइनमेंट सेंटर करा. बॉर्डर फिकट करड्या रंगाची ठेवली की तीच कापायची खूण.

आता पहिल्या एकाच रकान्यात मजकूर लिहा. नावाखाली काम स्पष्ट हवं. नुसतं ‘इलेक्ट्रिकल्स’ नको, ‘मोटार भरून मिळेल’ असं लिहा. पत्त्यात खूण द्या, बसस्टँडसमोर की पाण्याच्या टाकीजवळ ते. नंबर सगळ्यात मोठा, १६ साइजचा, पाच-पाच अंक सुटे करून. अंक इंग्रजीच, कारण कीपॅडवर तेच असतात. देवाचा फोटो, ट्रॅक्टर, गुलाबाचं फूल एवढं सगळं घातलं की नंबरला जागा उरत नाही.

मराठी अक्षरांची भानगड वेगळी. कृतीदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉण्ट नसला तर भलतंच दिसतं. म्हणून युनिकोड वापरा, मंगल फॉण्ट चालतो. टायपिंग येत नसेल तर मोबाइलवर बोलून मराठी लिहा, स्वतःलाच ईमेल करा आणि तिथून कॉपी करा. बोलून लिहिलेलं एकदा वाचा मात्र, आडनावाचा हमखास चुथडा होतो.

दहा रकान्यांत पेस्ट करण्याआधी हे एकच कार्ड साध्या कागदावर छापा. कागदावरचं बघून दुसऱ्या फोनवरून नंबर लावा. आपलीच रिंग वाजली तर पुढं जा, कारण इथली एक चूक पुढे दहा वेळा छापली जाते. पैसे घेण्याचा क्यूआर कोड टाकायचा असेल तर तोही स्कॅन करून आपलंच नाव येतं का बघा.

प्रिंट बाहेरून काढायची असेल तर फाइल पीडीएफ करून न्या, म्हणजे ओळी हलत नाहीत. व्हॉट्सअॅपवर फोटो काढून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापताना ‘फिट टू पेज’ नको, ‘अॅक्च्युअल साइज’ निवडा. नाहीतर कार्डाचं माप बदलतं.

कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात. नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा, छापखान्याचं कार्ड साधारण ३००चं. एवढा जाड कागद घरगुती प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा अडकतो. आपला प्रिंटर किती जाडीपर्यंत घेतो ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढाच घ्या. कापायला कात्री नको, स्टीलची पट्टी आणि कटर घ्या.

कार्डशीट चकचकीत नको, साधी घ्या, आणि मागची बाजू कोरी ठेवा. मोटार न्यायला कधी यायचं, किती पैसे ठरले, ते तिथं पेनाने लिहून देता येतं.